फर्स्ट एडची प्रमाणपत्रं: सगळ्यांची एकदम, की दोन तुकड्यांत?

कारखान्यात फर्स्ट एड बॉक्सशेजारच्या पाटीवर प्रशिक्षितांची नावं असतात. त्यांतल्या किती जणांचं प्रमाणपत्र आज चालू आहे, ते पाटीवरून कळत नाही. सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचं प्रथमोपचार प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं, अमेरिकन हार्ट असोसिएशनचं बीएलएस (बेसिक लाइफ सपोर्ट, म्हणजे हृदय किंवा श्वास बंद पडल्यावरचे तातडीचे उपचार) दोनच. नूतनीकरण कुणालाच टळत नाही. ते कसं करायचं एवढंच आपल्या हातात असतं.

बहुतेक ठिकाणी सगळ्यांची एकच बॅच होते. सोय मोठी आहे: प्रशिक्षक एकदाच बोलवायचा, माणशी खर्च कमी, लक्षात ठेवायला तारीख एकच, ऑडिटला फाइल नीटनेटकी. आणि ही बॅच हमखास 4 मार्चच्या राष्ट्रीय सुरक्षा दिनाच्या आसपास लागते. अडचण तिथूनच सुरू होते. तीन वर्षांनी सगळ्यांची मुदत ऐन मार्चमध्ये संपते, तेव्हा प्रशिक्षक इतर कंपन्यांत अडकलेले असतात आणि वर्षअखेरच्या डिस्पॅचमुळे सुपरवायझर लाइनवरचा माणूस सोडत नाही. आमच्याकडे एकदा असंच झालं. बॅच एप्रिलमध्ये ढकलली आणि पाच आठवडे अकराच्या अकरा नावांची मुदत संपलेली. त्या दिवसांत प्रेस मशीनवर कुणाचं बोट सापडलं असतं तर, हा विचार आजही अस्वस्थ करतो.

दुसरी पद्धत म्हणजे दीड वर्षाच्या अंतराने दोन तुकड्या. खर्च वाढतो, प्रशिक्षक दोनदा बोलवावा लागतो. तुकडी फार लहान असेल तर शेजारच्या कंपनीबरोबर मिळून बॅच करावी लागते. पण एक बॅच लांबली तरी निम्मी माणसं हाताशी राहतात. शिवाय कुणी नोकरी सोडली, तर त्याच्या जागेवरच्या नव्या माणसाला प्रशिक्षणासाठी तीन वर्षं थांबावं लागत नाही. कंत्राटी कामगार जास्त असतील तिथे मला हाच फायदा सर्वांत मोलाचा वाटतो.

ज्याची तारीख येईल त्याला केंद्रावर पाठवायचं, हा तिसरा मार्ग दहा-पंधरा माणसांच्या वर्कशॉपला पुरतो.

ठरवताना एकूण नावं मोजू नका, पाळीवार मोजा. 1948 च्या कारखाना कायद्याच्या कलम 45 ने दर 150 कामगारांमागे किमान एक पेटी आणि तिची जबाबदारी प्रमाणपत्रधारक माणसाकडे, असा दंडक घातला. तो माणूस कामाच्या वेळेत कायम उपलब्ध हवा, हेही त्यातच आलं. रात्रपाळीही कामाचीच वेळ आहे. पाळीत दोनच नावं असतील, एकाची साप्ताहिक सुट्टी आणि दुसऱ्याची मुदत संपलेली, तर त्या रात्री कुणीच नाही. म्हणून पाळीत किमान तिघं हवेत, असं माझं मत.

एकच पाळी असेल तर एक बॅच चालेल, फक्त मार्च टाळा. तीन पाळ्या असतील तर दोन तुकड्याच करा. नोंदीला साधी एक्सेल शीट पुरते: नाव, पाळी, मुदत संपण्याची तारीख, आणि नव्वद दिवस आधीची आठवण.

आज सगळ्यांची तारीख एकच असेल, तर निम्म्यांना मुदतीच्या बरंच आधी बसवा. त्यांचे काही महिने वाया जातील, ते जाऊ द्या. हे निम्मे प्रत्येक पाळीतून घ्या, आणि यादी करण्याआधी रात्रपाळीच्या सुपरवायझरशी बोला, कारण लाइनवरून माणूस सोडायचा असतो तो त्यालाच.