७८ फेऱ्यांचा रेकॉर्ड प्लेअर आणि ‘नाथ हा माझा’ : काही महिन्यांच्या वापरानंतर

बालगंधर्वांचे ‘नाथ हा माझा’ तबकडीवरून ऐकता यावे, एवढ्यासाठीच मी मिनिटाला ७८ फेऱ्यांची सोय असलेला हा प्लेअर घेतला. ब्लूटूथ वगैरे ठीक चालते. प्रश्न आहे तो गतीचा.

गंधर्व नाटक मंडळीने १९१६ साली खाडिलकरांचे ‘संगीत स्वयंवर’ रंगभूमीवर आणले, त्यात रुक्मिणीच्या तोंडी हे यमन रागातले पद आहे. त्याआधीच्या ‘मानापमान’ नाटकात (१९११) संगीतकार गोविंदराव टेंब्यांनी ठुमरी-दादऱ्याचा रंग आणला होता, ‘स्वयंवरा’त भास्करबुवा बखल्यांनी त्यापुढे जाऊन ख्यालाच्या बंदिशींवर चाली बांधल्या, आणि मैफलीत ऐकायचा यमन एका प्रेमात पडलेल्या राजकन्येचे बोलणे झाला. रंगमंचावर वन्समोअर घेत खुलणारे हे पद तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांत बसवावे लागले, त्यामुळे त्यातली एकेक जागा मोलाची आहे.

पहिले काही आठवडे मी तृप्त होतो. मग लांबवलेला गंधार, म्हणजे ‘ग’ हा स्वर, हलू लागला. बालगंधर्वांचा स्वरावरचा ठेहराव ज्याने ऐकला आहे, त्याला हा दोष गळ्याचा नव्हे हे सांगावे लागत नाही. सेवा केंद्राने मात्र ‘जुन्या तबकड्या अशाच वाजतात’ असे उत्तर दिले, तेही तबकडी न ऐकता. या उत्तराची चीड अजून गेलेली नाही.

मी चोकवाल्या जुन्या ट्यूबलाइटखाली गती तपासायची ७७ रेषांची स्ट्रोब चकती फिरवून पाहिली. गती बरोबर असेल तर रेषा स्थिर दिसतात. इथे त्या मागे सरकत होत्या आणि मधूनच अडखळत होत्या. गती सहा टक्के घटली की पट्टी अर्ध्या स्वराने उतरते, आणि ती कमीजास्त होत राहिली तर यमनाचा तीव्र मध्यमही जागेवर राहत नाही. तबकडी फिरवणारा पट्टा सैल झाला होता. बाजारातून साधा रबरी पट्टा आणून बसवला, मागचा स्क्रू फिरवून गती जुळवली आणि गंधार स्थिरावला.

यंत्र परत करण्याचा विचार त्यानंतर सोडला. पुढे एलपी तबकड्यांची बारीक सुई काढून ७८ची जाड सुई लावली, तेव्हा खरखर उतरली आणि शब्द स्पष्ट झाले. ही सुई कंपनीने खोक्यातच द्यायला हवी होती. ७८ फेऱ्यांची जाहिरात करून तिचे पैसे वेगळे घेणे मला पटलेले नाही.

पाचपैकी साडेतीन गुण. विकत घेण्यापूर्वी मागे गती जुळवण्याचा स्क्रू आहे का ते पाहा. नसेल तर नाट्यसंगीतासाठी हे यंत्र घेऊ नका.