बॉक्स्टरला तिसरा रेडिएटर घरी बसवावा, की आहेत ते दोन आधी नीट करावेत?

पोर्शेची साधी बॉक्स्टर, म्हणजे १९९६ ते २००४ या काळातील ९८६ मालिकेची २.५ किंवा २.७ लिटर इंजिनाची गाडी, उन्हाळ्यात तापू लागली की तिसरा रेडिएटर बसवण्याचा सल्ला हमखास मिळतो, आणि तो निराधार नाही. या गाडीचे इंजिन आसनांच्या मागे आणि दोन रेडिएटर मात्र पुढच्या चाकांच्या पुढे, बंपरच्या दोन टोकांना असल्यामुळे कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, गाडीच्या पोटाखालच्या लांब नळ्यांतून पुढे जाऊन परत मागे येते. ३.२ लिटरच्या बॉक्स्टर एसला कारखान्यानेच बंपरच्या मधोमध तिसरा रेडिएटर दिला होता, त्यामुळे साध्या गाडीतही त्याच्यासाठी जागा आहे आणि लागणारे भागही मिळतात. प्रश्न इतकाच की आपल्या गाडीच्या तक्रारीवर तो उपाय आहे का.

त्यासाठी गाडी नेमकी केव्हा तापते हे आधी पाहावे, आणि तेही डॅशबोर्डवरच्या काट्यावर विसंबून नव्हे, तर स्टीअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला (गाडीच्या संगणकातली माहिती वाचण्याच्या जोडणीला) छोटा रीडर जोडून कूलंटचे खरे तापमान वाचून. गाडी वाहतूक कोंडीत तापत असेल, तर तिसऱ्या रेडिएटरचा उपयोग जवळपास शून्य आहे, कारण मधल्या रेडिएटरला स्वतःचा पंखा नसतो आणि गाडी थांबली की त्याच्यातून हवा जात नाही. याउलट शर्यतीच्या ट्रॅकवर चौथ्या-पाचव्या फेरीनंतर तापमान चढत जाऊन खाली येतच नसेल, तर आहे तो रेडिएटरचा पृष्ठभाग अपुरा पडतो आहे असे मानायला जागा आहे.

दोन्ही बाबतींत पहिले काम साफसफाईचे, आणि ते मी आग्रहाने सांगतो. या गाडीत वातानुकूलनाचे कंडेन्सर (एसीचा गॅस थंड करणाऱ्या जाळ्या) दोन्ही रेडिएटरच्या पुढे बसवलेले असतात आणि बंपरच्या उघड्या तोंडांतून शिरलेला कचरा या दोहोंच्या मधल्या फटीत अडकतो. बाहेरून टॉर्च मारून पाहिले तर कंडेन्सर स्वच्छ दिसतो, आणि म्हणूनच बहुतेकांची फसगत होते. मी टेक्सासमध्ये राहतो. माझ्या २.७ लिटरच्या गाडीचा बंपर प्रथम उतरवला, कंडेन्सरचे स्क्रू काढून गॅसच्या नळ्या न उघडता तो बाजूला कलता केला, तेव्हा आत ओकच्या पानांचा दाबून बसलेला थर निघाला. हाताने उचलला तर तो पुठ्ठ्यासारखा अख्खा सुटला, आणि त्याच्या खालच्या जाळीत किडे व माती गच्च भरलेली होती. ब्रशने आणि हलक्या दाबाच्या पाण्याने धुतल्यावर कोंडीतले तापमान लगेच उतरले. जोराचा प्रेशर वॉशर मात्र वापरू नये, कारण रेडिएटरच्या पातळ पात्या त्याने मुडपतात.

बंपर उतरलेला असतानाच पंखेही तपासावेत. मंद वेगासाठी पंख्यांना जोडलेले रेझिस्टर या गाड्यांत वारंवार जळतात. मग पंखा फक्त तापमान फार वाढल्यावर पूर्ण वेगाने फिरतो, आणि तो फिरताना ऐकून आपण तो ठीक आहे असे समजतो. वातानुकूलन चालू करताच दोन्ही पंखे मंद वेगाने फिरायला हवेत.

दुसरा पर्याय कमी तापमानाला उघडणाऱ्या थर्मोस्टॅटचा, म्हणजे कूलंट ठरावीक तापमानाला पोचल्यावरच त्याला रेडिएटरकडे सोडणाऱ्या झडपेचा. सुमारे ७१ अंश सेल्सिअसला उघडणारा थर्मोस्टॅट बाजारात मिळतो आणि मूळ थर्मोस्टॅट ८० च्या पुढे उघडतो. त्याने रोजच्या चालवण्यात कूलंट थंड राहते हे खरे, परंतु ट्रॅकवर थर्मोस्टॅट कोणताही असला तरी तो पूर्ण उघडलेलाच असतो आणि तिथे तापमानाची वरची हद्द रेडिएटर ठरवतात. याचीच दुसरी बाजू अशी की मूळ थर्मोस्टॅट ठेवून तिसरा रेडिएटर बसवला, तर शांतपणे चालवताना तापमानात काहीही फरक दिसणार नाही, आणि तो दिसला नाही म्हणून काम फसले असे समजू नये. थंड प्रदेशात राहणाऱ्यांनी हा थर्मोस्टॅट विचारपूर्वक घ्यावा. हीटर उशिरा गरम होतो आणि छोट्या फेऱ्यांत तेलातली ओल उडून जात नाही.

आता तिसरा रेडिएटर. ऑस्टिनच्या सर्किट ऑफ द अमेरिकाजसारख्या साडेपाच किलोमीटरच्या ट्रॅकवर उन्हाळ्यात गाडी नेणाऱ्याला मी तो निःशंक सुचवेन. या इंजिनाचे तेलही कूलंटच्याच मदतीने थंड होते, त्यामुळे कूलंट आटोक्यात राहिले की तेलालाही आधार मिळतो. भाग निवडताना रेडिएटरचा गाभा चांगल्या प्रतीचा पर्यायी चालेल, पण ब्रॅकेट, फाटे असलेले होज (कूलंटच्या रबरी नळ्या) आणि हवेचे मार्ग मूळ कंपनीचेच घ्यावेत. मी एकदा स्वस्तातला पूर्ण संच मागवला होता. त्याच्या ब्रॅकेटची छिद्रे जवळपास बोटभर सरकलेली होती आणि हवा बाहेर नेणारा मार्ग संचात नव्हताच. हा मार्ग गाळून चालत नाही. आत शिरलेल्या हवेला निघायला वाट नसेल, तर ती रेडिएटरच्या पुढे साचते आणि बाजूने निसटते. शिवाय मधला रेडिएटर सर्वांत खाली आणि सर्वांत पुढे असल्याने खडे थेट त्याच्यावर येतात, म्हणून पुढे धातूची जाळी बसवणे आवश्यक आहे.

घरी हे काम होते का? बंपर उतरवणे अवघड नाही. टॉर्क्स स्क्रू, प्लॅस्टिकचे रिव्हेट आणि बंपर धरायला एक माणूस एवढे पुरते. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालू नये, जॅक-स्टँड हवेतच. कौशल्य लागते ते होजच्या जोडांवर, कारण मूळ स्प्रिंगचे क्लॅम्प अडचणीच्या जागी उलट्या तोंडाने बसवलेले असतात, आणि खरी कसोटी लागते ती हवा काढताना. या गाडीत पंधरा लिटरहून अधिक कूलंट असते आणि लांब नळ्यांत कुठेही हवेचा बुडबुडा अडकू शकतो. कूलंटच्या टाकीवरील हवेच्या झडपेची तार वर उचलून, हीटर पूर्ण गरम ठेवून, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालवत भरण्याची जुनी पद्धत चालते, परंतु कॉम्प्रेसर असेल तर आधी निर्वात करून मग कूलंट ओढून घेणारे उपकरण भाड्याने आणावे. ते कूलंट भरण्यापूर्वीच दाखवते की एखादा जोड गळतो आहे का. कॉम्प्रेसरही नाही आणि मदतीला कोणी नाही अशी स्थिती असेल, तर बंपर व साफसफाई घरी आणि होज व कूलंट वर्कशॉपकडे अशी वाटणी मला योग्य वाटते.

जुने कूलंट उघड्या परातीत ठेवू नये. ते चवीला गोड आणि कुत्र्या-मांजरांना जीवघेणे असते. काम झाल्यावर पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच टाकीतली पातळी पाहावी आणि रात्री बंपरखाली कोरा पुठ्ठा पसरून ठेवावा, म्हणजे एखादा क्लॅम्प ढिला राहिला असेल तर सकाळी डाग नेमका कोणत्या जोडाखाली पडला आहे हे समजते.