एकच शरीर, एकच आत्मा: ऐक्य सप्ताहाची पुस्तिका फौजी कसोटीवर

ख्रिस्ती ऐक्यासाठीच्या प्रार्थना सप्ताहाची २०२६ ची पुस्तिका आर्मेनियातून आली. मसुदा आर्मेनियन अपोस्टोलिक चर्चने तिथल्या कॅथोलिक आणि इव्हँजेलिकल बांधवांना बरोबर घेऊन केला, आणि नेहमीप्रमाणे जागतिक चर्च परिषद व व्हॅटिकनचा ऐक्य विभाग यांनी तो मिळून प्रसिद्ध केला. विषय बायबलमधल्या इफिसकरांस पत्र ४:४ मधला: एकच शरीर, एकच आत्मा. पुस्तिका इंटरनेटवरून फुकट उतरवून घेता येते. पण तिच्या आधारावर इथे गोव्यात वेगवेगळ्या पंथांच्या चार-पाच मंडळ्या एका छताखाली यायच्या असतात, म्हणून ती पारखून घेतलेली बरी.

कसोटी फौजेची लावली आहे, आणि त्याला कारण आहे. भारतीय लष्करात धर्मशिक्षक नायब सुभेदार म्हणून भरती होतात: पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री. पाद्रीच्या जागेला कॅथोलिकांचा एक आणि प्रोटेस्टंटांचा एक असे दोन रकाने नाहीत. योग्य धर्माधिकाऱ्याकडून दीक्षा झालेली असावी आणि स्थानिक बिशपच्या मान्य यादीत नाव असावे, एवढीच पंथाबाबतची अट. त्यामुळे पलटणीतला मिझो बाप्टिस्ट, केरळचा ऑर्थोडॉक्स, गोव्याचा कॅथोलिक आणि अहिल्यानगरकडचा मराठी प्रोटेस्टंट यांना एकाच पाद्रीपुढे बसावे लागते. बांबोळीचे सिग्नल प्रशिक्षण केंद्र आणि दाबोळी-वास्कोचे नौदल यांच्यामुळे गोव्यात अशी सवय असलेली माणसे भरपूर आहेत. संयुक्त प्रार्थनेचे आयोजन करताना त्यांना खुर्च्या मांडायला बोलावतात, योजना आखायला क्वचितच. इथे मोठी संधी वाया जाते.

फौजेत कामाचा हुकूम पाच भागांत देतात: परिस्थिती, उद्दिष्ट, काम करायची पद्धत, सामान-जेवण-वाहतुकीची व्यवस्था, आणि कमान (हुकूम कोणाचा चालणार) व संपर्क. शेवटी ‘कोई शक?’ असे विचारतात, आणि ते विचारणे नावापुरते नसते. या मापाने पुस्तिका पहिल्या दोन भागांत भक्कम आहे, तिसऱ्यात बरी, आणि चौथे-पाचवे भाग तिने यजमानांवर सोडले आहेत. जगभरासाठी काढलेल्या पुस्तिकेत वास्कोच्या पार्किंगची सोय कोण लिहिणार? पण ही दोन पाने आपण स्वतः जोडली नाहीत तर उरलेली सगळी मेहनत अडते.

आधी जे उत्तम आहे ते. विषयाची निवड अचूक आहे. पत्राच्या चौथ्या अध्यायात प्रेषित पौल सात वेळा ‘एक’ म्हणतो: शरीर, आत्मा, आशा, प्रभू, विश्वास, बाप्तिस्मा, देव. त्याच्या आधीच्या ओवीत, ४:३ मध्ये, तो आत्म्याचे ऐक्य ‘राखायला’ झटा असे सांगतो. क्रियापद राखण्याचे आहे. ऐक्य आधीच मिळालेले आहे, त्यावर पहारा द्यायचा आहे. ‘राखणदार’ हा शब्द ज्या गोव्यात घराघरात आहे, तिथे हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. फौजी माणसाला तर अजिबात नाही: ठाणे ताब्यात आल्यावर खरी कसोटी रात्रीच्या पहाऱ्याची असते. आणि हे लिहिणारा पौल त्याच अध्यायाच्या सुरुवातीला स्वतःला बंदिवान म्हणवतो. प्रेषितांची कृत्ये २८:१६ सांगते की रोममध्ये त्याच्यावर एक शिपाई पहाऱ्याला ठेवलेला होता.

याच पत्राच्या सहाव्या अध्यायातली शस्त्रसामग्री संयुक्त वाचनात घ्यावी अशी आमची आग्रहाची शिफारस आहे. तिथला ढालीचा शब्द मोठ्या, अंग झाकणाऱ्या ढालीचा आहे. रोमन सैनिक अशा ढाली कडेला कड भिडवून, वर छत करून ‘कासव’ रचत; एकाची ढाल शेजाऱ्याच्या उघड्या बाजूला झाकी. एकट्याने धरली तर तिचा अर्धा उपयोग संपला. मराठीत इथे एक अडचण आहे. ‘धारण करा’, ‘उभे राहा’ ही रूपे अनेकवचनाचीही आहेत आणि आदराचीही. ऐकणाऱ्याला वाटते, मला एकट्याला सांगितले. मूळ ग्रीकमध्ये ते अनेकांना उद्देशून आहे. म्हणून वाचकाने सुरुवातीला ‘तुम्ही सर्व जण’ एवढे शब्द जोडून वाचावे.

तिसऱ्या भागात, म्हणजे पद्धतीत, पुस्तिका उपासनेचा क्रम देते आणि आठ दिवसांसाठी वाचने, मनन व प्रार्थना देते. स्थानिक गरजेप्रमाणे बदल करायची मुभाही देते. गोव्यात आठही दिवस एकत्र जमवणे झेपत नाही. पहिल्या दिवशी सभागृह भरलेले आणि पाचव्या दिवशी नऊ माणसे, असे होते. एक मोठी संयुक्त उपासना आणि बाकीचे दिवस घरोघरी, हे बरे. दिवस निवडायचा तर २० जानेवारीचा विचार करावा. सप्ताह १८ ते २५ जानेवारीचा, आणि २० तारखेला संत सेबॅस्टियनचा सण येतो. परंपरेने तो रोमन सैनिक आणि हुतात्मा. मात्र त्या दिवशी ज्या कपेलांचे (लहान चर्चचे) फेस्त, म्हणजे सण, असते तिथले फादर मोकळे नसतात, हे आधी विचारून घ्यावे.

आता बिघडते कुठे ते. सगळ्यांत हमखास जागा प्रभूच्या प्रार्थनेचा शेवट. ‘वाइटापासून सोडव’ इथे कॅथोलिक मंडळी ‘आमेन’ म्हणून थांबतात, कारण मिस्सेत (कॅथोलिकांच्या मुख्य उपासनेत) तिथे फादर एकटे एक प्रार्थना म्हणतात आणि ‘कारण राज्य, सामर्थ्य व गौरव’ हे नंतर येते. प्रोटेस्टंट मंडळी न थांबता पुढे जातात. परिणाम असा की अर्धे सभागृह आमेन म्हणून गप्प, अर्धे मोठ्याने चालू, आणि मधल्या रांगेतली माणसे एकमेकांकडे बघताहेत. ज्या प्रार्थनेत सगळे ‘आमच्या पित्या’ म्हणतात तिथेच फूट ऐकू येते. उपाय सोपा आहे: शेवटासकट पूर्ण प्रार्थना कागदावर छापा, आणि प्रमुखाने आधी सांगा की आपण शेवटच्या ओळीपर्यंत एकत्र म्हणणार आहोत. ‘पित्या’ की ‘बापा’ हेही आधी ठरवा. कोकणीतून म्हणायची असेल तर पूर्ण कोकणीतून म्हणा, अर्धी-अर्धी नको.

दुसरी जागा विश्वासाचे कथन. निकेयाचा मतांगीकार घ्यायचा असेल तर पवित्र आत्म्याच्या ओळीत ‘आणि पुत्रापासून’ हे शब्द पश्चिमेकडच्या मंडळ्या म्हणतात, ऑर्थोडॉक्स म्हणत नाहीत. ३८१ सालच्या मूळ पाठात ते नाहीत. संयुक्त उपासनेत तो मूळ पाठच छापावा. ‘कॅथोलिक ख्रिस्तसभा’ आणि ‘सार्वत्रिक मंडळी’ यांत दुसरे रूप निवडले तर खाली एका ओळीत सांगा की शब्दाचा अर्थ तोच आहे.

तिसरी जागा उठणे-बसणे. ऑर्थोडॉक्स उभे राहून प्रार्थना करतात, कॅथोलिक गुडघे टेकतात, बरीच प्रोटेस्टंट मंडळी बसून डोळे मिटतात. इथे कवायतीचा एक नियम शब्दशः कामाला येतो. कवायतीच्या हुकमाचे दोन भाग असतात: आधी सावध करणारा, मग अंमलाचा. ‘तेज’ म्हणतात, क्षणभर थांबतात, मग ‘चल’. मधल्या त्या क्षणात शंभर माणसे एकाच पावलाला तयार होतात. सूत्रसंचालकाने तसेच करावे: ‘शुभवर्तमानाच्या वाचनासाठी’, एक श्वास, ‘उभे राहू या’. नुसते ‘कृपया उभे राहा’ म्हटले की पुढची रांग उठते, मागची तिला बघून उठते, आणि वाचनाची पहिली ओळ खुर्च्यांच्या आवाजात जाते.

सगळेच एका तालात व्हावे असेही नाही. झुलत्या पुलावर सैनिकांना पाऊल मोडून चालायला सांगतात. १८३१ साली मँचेस्टरजवळचा ब्रॉटनचा पूल सैनिक ओलांडत असताना कोसळला, आणि त्यांच्या एकसारख्या पावलांनी पुलाला दिलेले हेलकावे हे कारण मानले गेले. म्हणून मध्यस्थीच्या, म्हणजे इतरांसाठी करायच्या, प्रार्थना एका भाषेत कोंबू नयेत. एक कोकणीत, एक मराठीत, एक मलयाळममध्ये, प्रत्येकी चार ओळी, आणि उत्तराची ओळ मात्र सर्वांची एक. रेजिमेंटांचे जयघोष वेगळे असतात आणि ते कोणी पुसायला सांगत नाही. मराठा पलटणीचा जवान ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ म्हणतो, शीख पलटणीचा ‘बोले सो निहाल’. हुकूम दोघांना एकाच कमानीतून येतो.

मराठी पाठ स्वतः तयार करावा लागतो, आणि त्याला आम्ही तीन आठवडे धरतो. अनुवादकापेक्षा जास्त वेळ शब्द ठरवण्यात जातो: ख्रिस्तसभा की मंडळी, फादर की पाळक, मिस्सा की उपासना. एकच शब्द सगळीकडे लादू नये. जो भाग जो वाचणार त्याचा शब्द तिथे राहू द्यावा. गीतासाठी एक सूचना: फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठीत रचलेले आणि १६१६ साली राशोलला छापलेले ‘ख्रिस्तपुराण’ हे काव्य याच भूमीतले आहे. त्यातल्या दोन ओव्या प्रवेशाला म्हणा. कोकणी कॅथोलिक आणि मराठी प्रोटेस्टंट दोघांनाही त्यावर हक्क सांगता येतो. रायबंदरच्या ऑर्थोडॉक्स बांधवांनाही तितकेच आपलेपणाने बोलवा. तिथे आल्वारिस मार ज्युलियस यांची समाधी आहे. गोव्यात जन्मलेले कॅथोलिक पाद्री, पुढे ऑर्थोडॉक्स बिशप, १९२३ साली वारले. फुटीची जखम आणि सेवेची शान दोन्ही त्या एका नावात आहेत, म्हणून स्वागताच्या भाषणात ते नाव नुसते ओझरते घेऊ नये.

व्यवस्थेचा भाग. प्रभुभोजन या उपासनेत ठेवू नका. कॅथोलिक आणि ऑर्थोडॉक्स नियम ते सर्वांना खुले करत नाहीत, आणि कोणाला तरी रांगेतून परत पाठवावे लागणे ही वेदना टाळता येण्यासारखी आहे. वचनाची उपासना ठेवा, ७० मिनिटांत संपवा, आणि मग बडा खाना करा. फौजेत बड्या खान्याला अधिकारी आणि जवान एकाच ठिकाणी जेवतात. इथे फादर, पाळक आणि अच्चन (ऑर्थोडॉक्स पाद्री) यांनी वाढायला उभे राहावे. बुधवार किंवा शुक्रवार असेल तर ऑर्थोडॉक्सांचा उपास असतो, त्या दिवशी खतखते, सान्नां आणि चण्याची भाजी एवढेच ठेवा. इतर दिवशीही डुकराचे मांस टाळलेले बरे. अ‍ॅडव्हेंटिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचे लोक ते खात नाहीत. दानाची पेटी ठेवणार असाल तर पैसे कुठे जाणार हे आधी जाहीर करा. यजमान चर्चच्या रंगकामाला ते गेले की पुढच्या वर्षी पाहुणे येत नाहीत.

कमान आणि संपर्क. एकच माणूस प्रमुख, आणि तो यजमान चर्चचा नसावा. प्रवचन पाहुण्याचे, १२ मिनिटे. प्रवेशाच्या मिरवणुकीचा क्रम लिहून द्या. फौजेत मानाचा क्रम आधीपासून कागदावर असतो म्हणून कोणी रुसत नाही. सराव दोन. पहिल्यात नुसते वाचन, दुसऱ्यात माइक, दिवे आणि जागा. सिग्नलवाल्यांची एक शिस्त इथे आणा: निरोप मिळाला की तो पुन्हा म्हणून दाखवायचा. वाचकाने सरावाला सांगायचे, ‘मी तिसऱ्या क्रमांकाला, डाव्या माइकवरून, इफिसकर चार, एक ते सहा’. एवढ्याने निम्मे घोटाळे तिथेच सापडतात. मंडळ्यांमधली बरीच कटुता मतभेदातून आलेली नसते. निरोप चुकीचा पोचलेला असतो.

सोबत २०१३ ची पुस्तिकाही उतरवून ठेवा. ती भारतातल्या स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंटने बायबलमधल्या मीखा ६:६-८ वर तयार केली होती आणि दलितांवरच्या अन्यायाचा प्रश्न तिने वेदीसमोर आणला. आर्मेनियाच्या पुस्तिकेत एक शरीर आहे. त्या शरीराच्या कोणत्या अवयवाला आपण मागच्या बाकावर बसवतो हे आपल्या मातीतली ती पुस्तिका विचारते. पापांगीकाराची प्रार्थना तिच्यातून घ्यावी.

छापताना पूर्ण पुस्तिका छापू नका. उपासनेचा क्रम ए-फाइव्ह आकारात, आठ पाने, दोन पिना. उत्तराच्या ओळी ठळक, अक्षर १४ पॉइंटच्या खाली नको, कारण संध्याकाळी जुन्या चर्चमध्ये उजेड कमी असतो. प्रभूची प्रार्थना शेवटच्या पानावर, एकटी, १८ पॉइंटमध्ये, ‘सर्वकाळ तुझीच आहेत’ या ओळीसकट.