पासा पाईसवर ग्रॅव्हल सायकल : सगळं झकास, ती टकटक सोडून

दुसऱ्यांदा बॉटम ब्रॅकेट (पॅडलच्या दांड्या ज्यावर फिरतात ते फ्रेममधलं बेअरिंग) बदलून माझी ग्रॅव्हल सायकल, म्हणजे खडीच्या वाटांसाठीची सायकल, दुकानातून परत आली, खिशातून एक सेंटही गेला नाही, म्हणून आता थंड डोक्याने लिहितोय. त्याआधी लिहायला बसलो असतो तर चार ओळींत आटोपलं असतं आणि त्यातल्या तीन छापण्यासारख्या नसत्या.

कंपनीचं नाव देत नाही. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, कार्बन फोर्क, पुढे एकच 40 दात्यांची चकती, मागे 11 गिअर, केबलवाले डिस्क ब्रेक, 40 मिमीचे ट्यूबलेस टायर. या किमतीत सगळे हेच देतात, तुम्हाला पाठ असेल. चालवली कुठे ते जास्त महत्त्वाचं.

मी राहतो दक्षिण फ्रान्समधल्या तुलूझला. इथून कास्त्रमार्गे लोकल गाडीने माझामेला उतरायचं, सायकलला वेगळं तिकीट नाही. माझामे ते बेदारियो असा जवळपास 80 किलोमीटरचा पासा पाईस मार्ग आहे. जुन्या रेल्वेचे रूळ काढून त्या जागी बारीक खडी दाबून बसवली आहे. मोटारी नाहीत, मोटरसायकली नाहीत. पायी फिरणारे, घोडेवाले, कुत्रेवाले आणि आपण. माझामेकडून तोरे नदीच्या खोऱ्यातून चढत जायचं, कुर्निउच्या जवळ फेनियचा बोगदा लागतो आणि तिथे पाण्याची दिशाच बदलते. अलीकडचं पाणी गारोन नदीतून अटलांटिकला, पलीकडचं झोर आणि ऑर्ब नद्यांतून भूमध्य समुद्राला. बोगद्यानंतर सँ-पों, ओलार्ग, मोंसपर्यंत जवळजवळ सगळा उतार, मग लामालूकडे ऑर्बच्या काठाने हलका चढ.

आता मुद्द्यावर येतो. शहरात ऑफिसला जाताना ही सायकल गुणी बाळ होती. कालव्याकाठी, सिग्नलला, ट्रामच्या बाजूने, कधी तक्रार नाही. पासा पाईसवर नेली आणि सँ-पोंच्या पुढे जरा जोर लावला, तर खालून टक. उजवं पॅडल खाली गेलं की टक. बॉलपेनचं बटण कुणीतरी कानाशी दाबत बसावं तसा आवाज. शहरात तो असणारच, पण बसच्या घरघरीत कोण ऐकतंय? इथे मैलोन्‌मैल दुसरा आवाजच नाही. झोर नदी उन्हाळ्यात खाली दगडांतून गुपचूप वाहते, चेस्टनटची झाडं, कुठे चेरीच्या बागा, आणि मध्ये आमची टक. बोगद्यात तर ती भिंतीवर आपटून दुप्पट होऊन परत यायची. बायको तिच्या जुन्या हायब्रीडवर (रोड आणि माउंटन सायकलच्या मधला प्रकार) पुढे असायची. ती म्हणाली, "अरे, तुला घंटीची गरजच नाही, तू येतोयस हे सगळ्या खोऱ्याला कळतं." ती हायब्रीड गावच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात 80 युरोला मिळालेली, चाकं तिरकी, पण आवाज शून्य. हे मला जास्त लागलं.

(घंटी फ्रान्समध्ये कायद्याने लागतेच, 50 मीटरवरून ऐकू येईल अशी. सायकलबरोबर आलेली प्लॅस्टिकची घंटी कुत्र्यालाही ऐकू जात नव्हती. याच वाटेवर एरेपियाँ हे चर्चच्या घंटा ओतण्यासाठी नाव असलेलं गाव लागतं. तिथे पोचल्यावर आपल्या घंटीची लाज वाटते. पितळेची घेतली, काम झालं.)

दुकानात गेलो. मेकॅनिकने सायकल स्टँडला टांगली, हाताने पॅडल फिरवलं आणि "काहीच नाही" म्हणून मोकळा झाला. अहो, स्टँडवर वजन नसतं, आवाज येईल कसा? ही फ्रेम प्रेस-फिट आहे, म्हणजे बेअरिंगचे कप आटे न पाडता नुसते दाबून बसवलेले. जोर पडला की कप फ्रेममध्ये केसभर सरकतो आणि टक होते. त्यात या वाटेची पिठासारखी धूळ, वर पाऊस, तो चिखल आत शिरतो. मी त्याला सायकलवर बसवून पार्किंगच्या चढावर पाठवलं. परत आला तेव्हा चेहरा बदलला होता, पण वाक्य तयार होतं: "ग्रॅव्हल आहे, झीज धरूनच चालायची."

फ्रान्समध्ये राहणाऱ्यांसाठी ही कामाची गोष्ट. दुकानाची वॉरंटी काहीही म्हणो, कायद्याची हमी दोन वर्षांची असते. नव्या वस्तूत त्या दोन वर्षांत दोष निघाला तर तो विकतानाच होता असं धरलं जातं. नव्हता हे सिद्ध करायचं विकणाऱ्याने, आपण नाही. दुरुस्ती फुकट आणि जास्तीत जास्त 30 दिवसांत. आणि दुरुस्तीनंतर हमी सहा महिन्यांनी वाढते, हे दुकानदार आपण होऊन कधीच सांगत नाही. मी हे सगळं ईमेलमध्ये मुद्देसूद लिहिलं, खाली कलमांचे नंबर टाकले. तोंडी भांडलो असतो तर माझ्या फ्रेंचची शोभा झाली असती. दुसऱ्या दिवशी "घेऊन या" असं उत्तर.

पहिल्यांदा त्यांनी तसलंच प्रेस-फिट बसवलं. पावसाळी हवेत थोडं फिरलो आणि टक पुन्हा हजर. दुसऱ्या वेळी मीच सांगितलं, दोन भाग एकमेकांत आट्यांनी घट्ट होणारं लावा. फ्रेम तीच, पण कप आता एकमेकांना धरून ठेवतात, सरकायला जागा नाही. बाजारात ते साठेक युरोचं. कारखान्यातच लावलं असतं तर यांचं काय गेलं असतं? लाखाच्या वर रुपये मोजलेल्या सायकलवर एवढ्यासाठी काटकसर करतात आणि फ्रेमच्या रंगाला मात्र कवितेसारखं नाव देतात.

आवाज गेल्यावर बाकीच्या सायकलकडे नीट बघता आलं, आणि माझी काही मतं बदलली. सुरुवातीला वाटायचं, रेल्वेच्या वाटेला चढ तो किती, आगगाडीला झेपेल तेवढाच, मग मागचे मोठे गिअर हवेत कशाला? 42 दात्यांच्या चकतीवर चेन कधी गेलीच नव्हती. मग एकदा मोंसहून मुख्य वाट सोडून कारू डोंगराच्या बाजूने एका वाडीकडे वळलो. दहा मिनिटांत ती 42 ची चकती संपली आणि मी 46 ची आठवण काढत चालत होतो. त्यामुळे गिअरबद्दलची तक्रार मागे. नुसत्या पासा पाईससाठी जास्त आहेत, खोऱ्यातून वर जायचं असेल तर कमी.

टायरचंही तसंच. आधी साडेतीन बार हवा भरायचो, रोड सायकलची सवय. हाताला झिणझिण्या. आता सव्वादोन-अडीचवर आहे, खडीवर सायकल बसून चालते आणि वेग कमी झालेला नाही. बाभळीसारखे काटे असणारी झाडं या जुन्या रेल्वेकडेला भरपूर, कुंपण छाटलं की काटे वाटेवर पसरतात. टायरच्या आत भरलेल्या, भोक आपोआप बुजवणाऱ्या सीलंटने ते सांभाळलं, टायरवर पांढरा ठिपका दिसला की समजायचं एक भरला गेला. फक्त उन्हाळ्यात सीलंट लवकर सुकतं, बाटली महाग आहे, आणि ते वर्षभर टिकतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

मडगार्ड लावायला फ्रेमला भोकं आहेत, पण मागच्या बाजूला एक भोक अशा ठिकाणी की ब्रेकवर दांडी अडते. वॉशर घालून वाकवून बसवलं. रस्ता ओलांडायच्या ठिकाणी लाकडी अडसर आहेत, रुंद हँडल तिरकं करून काढावं लागतं, सामानाच्या पिशव्या लावल्या तर जास्तच.

ओलार्गचा लोखंडी पूल, ज्याला इथले लोक आयफेलचा म्हणतात, त्यावर आता थांबून खाली नदी बघता येते. आधी त्या फळ्यांवर फक्त माझा टकटकाट ऐकू यायचा. बेदारियोहून परत येताना बेझियेमार्गे गाडी मिळते, पण दिवसातून मोजक्याच आहेत. शेवटची चुकली तर हॉटेलचे पैसे पडतात, म्हणून मी लामालूहूनच घड्याळ बघायला लागतो.

घ्यावी का? फक्त ही वाट करायची असेल तर नको. जुनी हायब्रीड, 35 चे टायर, पुरे. बायकोने ते रोज सिद्ध केलंय. ऑफिस, खडी आणि वरच्या वाड्या तिन्ही एकाच सायकलवर हव्या असतील तर घ्या, पण फ्रेम आट्यांच्या बॉटम ब्रॅकेटची बघून घ्या, रंग नंतर. ब्रेक पॅड आता संपत आलेत. ते हमीत येत नाहीत, विचारून झालंय.