फ्रोझन भेंडी: नऊ महिन्यांचा हिशेब

काल सकाळी सहाला स्वयंपाकघरात पाय ठेवला तो थेट पाण्यात. फ्रीजचा खालचा खण बोटभर उघडा. शनिवारी होलसेलच्या दुकानातून आणलेला माल मीच त्यात कोंबून बसवला होता. पराठ्यांचं पाकीट आडवं राहिलं, खण पूर्ण लागलाच नाही आणि रात्रीतून सगळं सुटलं. पालकाचा पुडा ओल्या फडक्यासारखा लोंबत होता. दोन किलो चिकनच्या कडा मऊ आणि मध्ये अजून दगड. एकदा सुटलेला माल परत गोठवायचा नाही, म्हणून डोळे उघडायच्या आत एका शेगडीवर चिकन, दुसरीवर पालक. भेंडीचे दोन पुडे मात्र ओट्यावर तसेच ठेवले. त्या भेंडीशी माझं जुनं भांडण आहे.

आम्ही तोक्योत, निशी-कासाईला राहतो. वायटूकेच्या, म्हणजे सन २०००च्या संगणक-गोंधळाच्या वेळी आयटीवाले इथे यायला लागले तेव्हापासून भारतीय बिऱ्हाडं वाढतच गेली, त्यामुळे तूरडाळ-कढीपत्त्याची ददात नाही. प्रश्न रोजच्या भाजीचा. इथल्या सुपरमार्केटात भेंडी जाळीच्या पिशवीत येते, आठ-दहा शेंगा, तोलून-मापून. चार माणसांच्या भाजीला अशा पाच जाळ्या लागतात. हिवाळ्यात एक जाळी १६० येनला घेतली तेव्हा हात थरथरला होता.

म्हणून हे होलसेलचं दुकान. मुळात हॉटेलं-खानावळीवाल्यांसाठी काढलेलं, पण कार्डबिर्ड काही लागत नाही, कुणीही जावं. सजावट शून्य, खोकी फाडून तशीच मांडलेली. पाटीवर मोठ्या आकड्यात करापूर्वीची किंमत, खाली बारीक आकड्यात खरी. खाण्याच्या वस्तूंना ८ टक्के कर, पण माल गार ठेवायची चंदेरी पिशवी घेतलीत तर तिला १० टक्के. पहिल्या दिवशी मी ती घेतली नाही. सायकलवरून वीस मिनिटं, नोव्हेंबर होता, चालून गेलं. आता जुलैत पुढच्या बास्केटमध्ये जुना टॉवेल, त्यात मटार आणि चिकन एकमेकांना चिकटवून आणते. गोठलेल्या वस्तू घट्ट रचल्या की एकमेकींना गार ठेवतात. टॉवेलला कर नाही.

मटार उत्तम. पालक पालक-पनीरपुरता उत्तम. पराठे पोळीची आठवण काढायला बरे, पोळीच्या जागी नव्हेत. चिकन ब्राझीलचं, बिनहाडाचं, दोन किलोची सपाट लादी. तिचे तुकडे करायचे तर आदल्या रात्री खणातून काढून वर फ्रीजमध्ये ठेवावी लागते, आणि हाडाशिवाय तांबडा रस्सा म्हणजे नुसतं तिखट पाणी. हाडाचं चिकन इंडियन दुकानातून आणते, महाग पडतं, त्यावर चर्चा नको.

लेबलाचं मात्र सांगायलाच हवं. एप्रिलमध्ये सासूबाई साकुरा, म्हणजे चेरीचा बहर बघायला आल्या होत्या. त्या शुद्ध शाकाहारी. पाकिटावर बटाट्याचं चित्र बघून मी कोरोक्के, म्हणजे इथले कटलेट, तळायला घेतले. तेल तापेपर्यंत सहज भाषांतरासाठी फोनचा कॅमेरा धरला, तर घटकांच्या यादीत डुक्कर. बटाट्याच्या कोरोक्केत खिमा असणं इथे अगदी नेहमीचं आहे, चूक माझीच. तेव्हापासून डुकराची ‘बुता’ आणि गाई-बैलाची ‘ग्यू’ ही दोन अक्षरं मी तोंडपाठ केली आहेत. फोनवर विसंबू नका, थंडीत बॅटरी दगा देते.

आता भेंडी. पाचशे ग्रॅमचा पुडा, गोल चकत्या केलेल्या, करासकट २१६ येन. तेवढीच ताजी घेतली तर ८००. पहिल्या शनिवारी मी चार पुडे उचलले, आणि रात्री कढईत जे काही झालं त्याला भाजी म्हणवत नाही. चमचा उचलला की कढईपासून चमच्यापर्यंत तार. आपल्याकडे भेंडी धुतली की पुसून खडखडीत कोरडी करून मगच विळीला लावायची, हे लहानपणापासून ऐकलेलं. इथे कारखान्यात उलटं. भाज्या गोठवण्याआधी गरम पाण्यातून वा वाफेतून काढतात, नाहीतर रंग आणि चव टिकत नाही. त्यात चिरलेली भेंडी. पुढे बर्फाचे कण आतल्या पेशी फोडतात. म्हणजे चिकट व्हायच्या जेवढ्या वाटा, तेवढ्या सगळ्या झालेल्या. तव्यावर वाळवली, ओव्हन टोस्टरमध्ये घातली, लिंबू पिळलं, बेसन लावलं. बेसन लावलेल्याची तर भज्यांची खीर झाली.

अशात नवऱ्याने सुचवलं की छोटा डीप फ्रीझर घेऊ, खण तरी नीट लागेल. किंमत १७,००० येन. मी वही काढली. एका पुड्यामागे ५८४ येन वाचतात, म्हणजे साधारण तीस पुड्यांत फ्रीझर फुकट, महिन्याला दोन धरले तर सव्वा वर्ष. तो म्हणाला, “तीस पुडे ही भेंडी कोण खाणारे?” फ्रीझर घ्यायचा राहिला. कालचं पाणी पुसताना तो काही बोलला नाही, पण फडकं पिळताना बघितलं माझ्याकडे.

इथे एक दुरुस्ती. वरचं गणित जानेवारीचं. आता कोची आणि कागोशिमाची भेंडी बाजारात आली आहे, जाळी शंभराच्या आत मिळते, त्यामुळे बचत निम्म्यावर आली. उन्हाळ्यात फ्रोझन भेंडी घेणं हा निव्वळ हट्ट आहे आणि तो मी केला.

दुसरी दुरुस्ती सासूबाईंमुळे. कोरोक्के प्रकरणानंतर त्यांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. भेंडीचा पुडा उघडून चकती बोटात चोळली आणि म्हणाल्या, “अगं, ही रश्शाची भेंडी आहे, हिला कोरडी करायला का बसलीस?” कडकडीत तेलात हिंग-मोहरी-मेथी, गोठलेल्या चकत्या न सोडवता थेट आत, मोठ्या आचेवर हलवत परतून मग चिंचेचा कोळ, गूळ, दाण्याचं कूट. मीठ शेवटी. चिंचेने चिकटपणा बराच मोडला, उरलेल्याने रस्सा दाट झाला. पाच महिने मी ज्या गोष्टीवर चिडत होते ती त्यांनी दाण्याच्या कुटाबरोबर कामाला लावली. कुरकुरीत भेंडी मात्र त्यांनाही जमली नाही, हे मी मुद्दाम नमूद करते.

काल त्या सुटलेल्या दोन पुड्यांपैकी एकाची चिंच-गुळाची केली. दुसरा कचऱ्यात टाकायला निघाले तर गॅलरीतून शेजारच्या आजींनी पाहिलं. “मोत्ताइनाइ,” म्हणाल्या, म्हणजे ‘अगं, फुकट घालवतेस’, आणि पुडा काढूनच घेतला. अर्ध्या तासाने वाडगा परत आला. उकळत्या पाण्यातून काढलेली भेंडी, वर सोया सॉस आणि सुक्या माशाचा कीस, चॉपस्टिकने घोटघोट घोटून तारा काढलेल्या. म्हणजे मी नऊ महिने जी बुळबुळ मारायला बघत होते ती इथे कष्टाने वाढवून खातात. तिला नाव आहे, ‘नेबानेबा’. नात्तो म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, डोंगरी कंद, भेंडी, सगळी एकाच खानदानातली. कारखान्याचा काही दोष नव्हता, गिऱ्हाईक चुकीचं होतं.

मी एक घास खाल्ला, पुरला. लेकीने मात्र वाडगा चाटून पुसून दिला. पाळणाघरात हेच मिळतं म्हणे. चिंच-गुळाच्या रश्शातल्या भेंड्या तिने ताटाच्या कडेला ओळीने मांडून ठेवल्या होत्या.

शनिवारच्या यादीत मटार, पालक आणि तिच्यासाठी भेंडीचा एक पुडा. एकच. खणाला आतापुरती चिकटपट्टी लावली आहे.