अंड्याचं टरफल: सरळ टायट्रेशन की बॅक टायट्रेशन?

टरफलात कॅल्शियम कार्बोनेट किती, हा प्रोजेक्ट घेतलात की पहिला प्रश्न पडतो: सरळ टायट्रेशन (नेमकी तीव्रता माहीत असलेलं, म्हणजे प्रमाणित, द्रावण थेंबाथेंबाने घालून पदार्थ मोजणं) की बॅक टायट्रेशन (आम्ल जास्तीचं घालून उरलेलं मोजणं)? मी दोन्ही पद्धती करून पाहिल्या आहेत.

व्हिनेगर किंवा धुण्याचा सोडा असता तर मी विचारही केला नसता. पाण्यात विरघळणाऱ्या पदार्थाला सरळ टायट्रेशन पुरतं: प्रमाणित द्रावण एकच, आकडेमोड दोन ओळींची. टरफलाचंही तसंच उरकेल म्हणून ०.४० ग्रॅम पूड शंकुपात्रात पाण्यात घातली, मिथिल ऑरेंज या दर्शकाचे (आम्ल जास्त झालं की लाल होणाऱ्या रंगाचे) दोन थेंब टाकले आणि ब्युरेटमधून ०.५ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल सोडू लागलो. पिवळा रंग लाल झाला. रीडिंग लिहून मान वर करतो तो पुन्हा पिवळा! तळाचे कण आपल्या सवडीने विरघळत होते आणि आलेलं आम्ल खात होते. एक थेंब टाका, हलवा, थांबा, परत पिवळा. तीन रीडिंग आली १४.१, १४.९ आणि १४.४ मिली. जर्नलमध्ये सी.बी.आर.च्या (कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, म्हणजे पुन्हा पुन्हा तेच येणारं रीडिंग) रकान्यात लिहू काय? पूड आणखी बारीक केली, थोडा फरक पडला, पण रंगाचा लपंडाव काही थांबला नाही. माझाच धीर कमी पडला असेल, तेही शक्य आहे.

मग बॅक टायट्रेशन. तेवढ्याच पुडीवर त्याच आम्लाचे २० मिली, म्हणजे १० मिलिमोल, मुद्दाम गरजेपेक्षा जास्त. बुडबुडे थांबले की हलकी उकळी द्यायची, नाहीतर राहिलेला कार्बन डायऑक्साइड फिनॉल्फ्थॅलिनला (इथला दर्शक, आम्ल संपलं की गुलाबी होणारा) फसवतो. गार झाल्यावर उरलेलं आम्ल ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडने मोजायचं. रीडिंग २४.०, २४.१, २४.०. गुलाबी आला आणि टिकला! उरलं २.४ मिलिमोल, खर्चलं ७.६. एका कार्बोनेटला आम्ल दुप्पट लागतं, म्हणून कार्बोनेट ३.८ मिलिमोल, म्हणजे (एका मिलिमोलला १०० मिलिग्रॅम धरून) ३८० मिलिग्रॅम: ९५ टक्के. याच हिशेबाने सरळ पद्धतीत १५.२ मिली यायला हवे होते. तिन्ही वेळा मी आधीच थांबलो होतो तर.

फुकट काही नाही. द्रावणं दोन, म्हणजे चुकायला जागाही दोन. सोडियम हायड्रॉक्साइड हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, त्यामुळे वजनावर विश्वास न ठेवता ऑक्झॅलिक आम्लाने आधी तपासून घ्यावं लागतं. त्यात माझा अर्धा तास गेला. एकच तास हाती असेल आणि अंदाजे आकडा चालणार असेल, तर सरळ पद्धतीला मी नाही म्हणणार नाही. मला मात्र परत करायचं झालं तर मी तो अर्धा तास देईन.

आतला पातळ पापुद्रा दोन्ही पद्धतींत आधी सोलून काढा. तो वजनात धरला जातो, आम्ल मात्र कार्बोनेटसारखं खात नाही.