बिल्स की रेव्हन्स: रविवारच्या गारठ्यात पिक कुणाचा टाकायचा?

रविवारी 19 जानेवारी 2025 ला संध्याकाळी साडेसहाला बफेलोजवळच्या ऑर्चर्ड पार्कमध्ये एनएफएलची (अमेरिकन फुटबॉलची लीग) प्लेऑफ मॅच, म्हणजे हरलं की बाहेर: बफेलो बिल्स विरुद्ध बाल्टिमोर रेव्हन्स, म्हणजे भारतातून बघणाऱ्यांना सोमवारी पहाटे पाचचा गजर लावणं आलं. इकडे अमेरिकेत सोमवारी एमएलके डेची (मार्टिन ल्यूथर किंग दिवस) सुट्टी आहे त्यामुळे जागरणाचं टेन्शन नाही, टेन्शन आहे ते ऑफिसच्या पूलमध्ये (कोण जिंकणार ते आधी सांगायची आपसातली पैज) पिक कुणाचा टाकायचा याचं. आमच्या कंपूत सरळ दोन पार्ट्या पडल्यात. एक म्हणते सप्टेंबरमध्ये रेव्हन्सनी बिल्सना 35-10 ने धुतलंय, आता अजून काय बघायचंय. दुसरी म्हणते जानेवारीत बफेलोला येऊन दाखवा मग बोलू. मला दोन्ही आर्ग्युमेंट अर्धवट वाटतात, का ते सांगतो.

आधी ते 35-10. 29 सप्टेंबर, बाल्टिमोर, रेव्हन्सचा पहिलाच प्ले आणि त्यांचा बॉल घेऊन पळणारा डेरिक हेन्री 87 यार्ड पळत सुटला तो थेट टचडाऊनलाच (बॉल समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे) थांबला. मॅचभर मिळून 199 यार्ड. हाफटाइमला 21-3. पण त्या रात्री बिल्सच्या डिफेन्समध्ये कोण नव्हतं ते बघा: टेरेल बर्नार्ड नाही, टॅरन जॉन्सन नाही, मॅट मिलानो तर ऑगस्टपासूनच बायसेप्समुळे बाहेर. आता बिल्स जवळपास कायम पाच डिफेन्सिव्ह बॅक (मागे राहून मुख्यतः पास अडवणारे) घेऊन खेळतात, म्हणजे जिथे दुसऱ्या टीम तिसरा लाइनबॅकर (मधल्या फळीतला डिफेंडर) ठेवतात तिथे यांचा टॅरन जॉन्सन उभा असतो आणि रन थांबवायची अर्धी भिस्त त्याच्यावर असते. तो आणि दोन्ही मेन लाइनबॅकर नसताना हेन्री मधून घुसला यात नवल काय! हे तिघंही आता परत आलेत. म्हणून त्या स्कोअरला मी निम्मीच किंमत देतो. निम्मी तरी का, तर रेव्हन्सची ओ-लाइन (समोरच्यांना अडवून वाट करून देणारी पुढची फळी) तेव्हा नुकती जुळत होती आणि आता ती सप्टेंबरपेक्षा भारी खेळतेय, म्हणजे सुधारणा काही एकाच बाजूला झालेली नाही.

आता थंडी. पारा शून्याच्या बराच खाली असणार, वरून स्नोचाही अंदाज आहे, आणि एरी लेक शेजारीच असल्यामुळे तिथला स्नो कधी किती पडेल याचा भरवसा नसतो (मागच्या जानेवारीत स्टीलर्सविरुद्धची प्लेऑफ मॅच वादळामुळे रविवारची सोमवारवर ढकलली होती आणि स्टेडियम साफ करायला फॅन्सना तासाचे 20 डॉलर देऊन फावडी घेऊन बोलावलं होतं). पण थंडी म्हणजे आपोआप बिल्सचा फायदा हे मला पटत नाही. जानेवारी 2022 मध्ये कडाक्याच्या थंडीत पेट्रियट्सना 47-17 ने उडवलं हे सगळ्यांना पाठ असतं, पण जानेवारी 2023 मध्ये याच ग्राउंडवर भर स्नोमध्ये बेंगल्स येऊन 27-10 ने जिंकून गेले ते बिल्सवाले सोयीस्कर विसरतात. आणि रेव्हन्सचा क्वार्टरबॅक (पास टाकणारा मेन खेळाडू) लमार जॅक्सन फ्लोरिडाचा म्हणून तो गारठणार असं म्हणायचं तर बिल्सचा क्वार्टरबॅक जॉश अ‍ॅलनसुद्धा कॅलिफोर्नियातल्या शेतकऱ्याच्या घरचा आहे, तो काय इग्लूत वाढला नाही. लमारने मागच्याच जानेवारीत गारठ्यात टेक्सन्सना 34-10 ने हरवलं होतं.

थंडीपेक्षा मला वाऱ्याची जास्त भीती वाटते. बॉल गार पडला की दगडासारखा कडक होतो, किक लांब जात नाही आणि बोटं बधिर झाली की कॅचही सुटतात, हे दोन्ही टीमला सारखंच. वारा मात्र कुणाच्या किकला नडेल ते आधी सांगता येत नाही. जानेवारी 2021 ची प्लेऑफ मॅच आठवा, याच दोन टीम, हेच ग्राउंड. रेव्हन्सच्या जस्टिन टकरसारख्या किकरच्या दोन किक पोलला लागून बाहेर गेल्या, मग टॅरन जॉन्सनने लमारचा पास गोल लाइनजवळ पकडून 101 यार्ड पळवला, लमार डोक्याला मार लागून बाहेर गेला आणि बिल्सनी 17-3 ने विषय आटोपला. तेव्हा टकर म्हणजे डोळे मिटून तीन पॉइंट लिहून घ्यायचे अशी ख्याती होती. या सीझनला त्याच्या 30 पैकी 8 हुकल्यात. बिल्सचा टायलर बॅसही काही देवमाणूस नाही, मागच्या वर्षी चीफ्सविरुद्ध 44 यार्डांची किक उजवीकडून बाहेर घालवून घरच्या ग्राउंडवर सगळ्यांना रडवलं होतं, पण याच नोव्हेंबरमध्ये डॉल्फिन्सविरुद्ध शेवटच्या सेकंदांत 61 यार्डांची टाकून मॅचही त्यानेच काढली. किकरचा मुद्दा मी बरोबरीत सोडतो.

क्वार्टरबॅकवर तर बोलूच नये असं वाटतं, कारण एमव्हीपीच्या (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू) भांडणात लोकांचं जेवण गार होतं. लमार: 4,172 यार्ड, 41 टचडाऊन, फक्त 4 इंटरसेप्शन (समोरच्यांनी पकडलेले पास), वर पळून 915. अ‍ॅलन: 3,731 यार्ड, 28 टचडाऊन, 6 इंटरसेप्शन, पळून अजून 12 टचडाऊन. आकड्यांत लमार पुढे आहे, ऑल-प्रोच्या (सीझनमधले सर्वोत्तम खेळाडू निवडलेली टीम) पहिल्या टीममध्येही तोच आलाय, त्यात वाद नाही. पण बिल्सने अख्ख्या सीझनमध्ये बॉल घालवला फक्त 8 वेळा आणि अ‍ॅलन सॅक झाला (पास टाकायच्या आधीच पाडला गेला) फक्त 14 वेळा. प्लेऑफमध्ये, त्यातून ओल्या-गार बॉलने खेळताना, हे दोन आकडे मला 41 टचडाऊनपेक्षा जास्त भरवशाचे वाटतात. लमारचा प्लेऑफ रेकॉर्ड 3-4 आहे, तो फेकून मारणारे बरेच असतात, पण अ‍ॅलनचाही तीन वेळा जानेवारीत चीफ्ससमोर निकाल लागलेला आहे तेव्हा जरा दमाने घ्या.

खरी मॅच होणार आहे ती पळण्यावर. रेव्हन्सने मागच्या शनिवारी स्टीलर्सविरुद्ध नुसतं पळून 299 यार्ड काढले, त्यातले 186 एकट्या हेन्रीचे. सीझनमध्ये त्याचे 1,921. वय एकतीस, वजन एकशेदहा किलोच्या वर, आणि चौथ्या क्वार्टरला तो समोर आला की घाटात ब्रेक फेल झालेली एसटी येतेय असं वाटून भलेभले बाजूला होतात. थंडीत अंगावर अंग आपटलं की जास्त लागतं, त्यामुळे अशा हवेत हेन्रीला टॅकल करायची हौस दुसऱ्या हाफपर्यंत किती जणांत उरते हा प्रश्नच आहे. त्यात लमार स्वतः बॉल ठेवून बाहेरून पळू शकतो, म्हणजे कडेचा डिफेंडर हेन्रीवर झेपावला तरी फसतो आणि थांबला तरी फसतो.

बिल्सकडे हेन्री नाही पण जेम्स कुक आहे, ब्रॉन्कोसविरुद्धच्या 31-7 मध्ये त्याने 120 यार्ड काढले आणि टीमने 210. सहावा लाइनमन आणून सरळ ढकलत न्यायचं हे यांचं या वर्षीचं नवं वेड. पण समोर रेव्हन्सचा रन डिफेन्स आहे, सीझनमध्ये लीगमधला एक नंबरचा, मॅचला सरासरी 80 यार्ड फक्त. म्हणजे कागदावर रेव्हन्स पळतील आणि बिल्सना पळू देणार नाहीत. उलट बिल्सच्या डिफेन्सने डिसेंबरमध्ये लागोपाठ दोन मॅचमध्ये रॅम्सना 44 आणि लायन्सना 42 पॉइंट दिलेत हेही विसरू नका. इथे रेव्हन्सचं पारडं सरळ जड आहे.

मग माझा पिक? तरीही बिल्स, अगदी थोडक्यात. एकतर रेव्हन्सचा मेन रिसीव्हर (पास पकडणारा) झे फ्लावर्स गुडघ्यामुळे खेळायची चिन्हं कमी आहेत. मार्क अँड्र्यूज आहेच, सीझनमध्ये 11 टचडाऊन घेतलेत, पण पासिंगचं ओझं त्याच्यावर आणि दुसरा रिसीव्हर बेटमनवर पडणार. पहिल्या हाफमध्ये बिल्सने दहाएक पॉइंटची लीड घेतली तर रेव्हन्सना हेन्री बाजूला ठेवून पास करावा लागेल आणि तिथे फ्लावर्सची कमी जाणवेल. दुसरं म्हणजे बिल्स या सीझनला घरी एकही मॅच हरलेले नाहीत. आठपैकी आठ.

ज्यांच्या पूलमध्ये नुसता विजेता सांगायचाय त्यांनी बिल्स टाका. ज्यांना मार्जिनही द्यायचंय त्यांनी तीन पॉइंटच्या वर जाऊ नका. पूलमध्ये मागे पडलेले असाल आणि सगळे बिल्सच टाकतायत असं दिसलं तर मात्र रेव्हन्स घ्या, कारण ही मॅच इतकी बरोबरीची आहे की उलटा पिक टाकण्यात वेडेपणा अजिबात नाही. आणि ज्यांना टीमच नाही, नुसतं कुणासाठी तरी ओरडायचंय, त्यांनी हे बघा की रेव्हन्सकडे दोन सुपर बोल आहेत आणि बिल्सकडे एकही नाही, नव्वदच्या दशकात लागोपाठ चार फायनल हरून बसलेत बिचारे.

जे प्रत्यक्ष जाणार आहेत त्यांच्यासाठी एकच: बुटांखाली टाकायला जाड पुठ्ठा घेऊन जा. थंडी वरून नाही, खालच्या काँक्रीटमधून चढते, आणि तीन तास उभं राहायचंय. पिक मात्र शनिवारी इंज्युरी रिपोर्ट बघूनच लॉक करा, फ्लावर्स खेळतोय असं आलं तर माझाही रेव्हन्स.